घास चावावयास शिकविणे

दरेकसा हा सालेकसा तालुक्यातील डोंगर व रान यांनी वेढलेला भाग होय. मुलूख धानाचा, म्हणून घरोघर भात व पेज हेच नित्याचे अन्न. रोवणीच्या दिवसांत आई बांधीत गेली म्हणजे धाकट्या भावंडास भरविण्याचे काम शाळेत जाणाऱ्या ताईकडे येते. यास्तव हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा नाही.

चोखणे मूल जन्मतःच जाणते; चावणे मात्र त्यास शिकावे लागते. चोखताना जीभ मागेपुढे हलते; चावताना तिने घास बाजूस, हिरड्यांखाली लोटावयाचा असतो. आरंभी मूल जुन्या सवयीने घास जिभेने बाहेर ढकलते. त्यास तो आवडत नाही असे समजून घरची माणसे पुन्हा पातळ पेजेकडे वळतात. चूक येथेच होते. पेजेत पाणीच फार. पोट भरते, परंतु पोषण होत नाही. शिवाय ९-१० महिन्यांपर्यंत ज्यास भरड अन्न मिळाले नाही, ते मूल पुढे घट्ट अन्न अधिक नाकारते, असे आढळून आले आहे.

दाढांची वाट पाहू नये. पहिल्या दाढा साधारणतः १३ ते १९ महिन्यांत येतात. मऊ घास हिरड्याही चिरडतात.

क्रम असा ठेवावा :

(१) ६ महिने पूर्ण होताच वरणभात कुस्करून, चमच्यातून ओघळणार नाही इतका घट्ट द्यावा. स्तनपान २ वर्षे व पुढेही चालू ठेवावे.

(२) ८-९ महिन्यांस भरड कुस्करा द्यावा. उकडलेले रताळे, भोपळा वा पिकलेले केळे यांचा तुकडा हाती द्यावा. दोन बोटांत सहज चिरडेल तोच तुकडा योग्य.

(३) १ वर्षानंतर घरचेच अन्न, तिखट कमी करून व बारीक करून द्यावे.

मुलास ताठ बसवावे व मोठ्याने समोर बसून सावकाश चावून दाखवावे. बळजबरी करू नये. नाकारलेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा द्यावा. असे आठ-दहा वेळा करावे लागले तरी निराश होऊ नये.

शेंगदाणे, फुटाणे, बोरे लहान मुलास देऊ नयेत. खाताना त्यास एकटे सोडू नये. मूल जोराने खोकत असेल तर त्यास खोकू द्यावे. तोंडात चाचपडत बोट घालू नये. आवाज व श्वास अडल्यास पालथे धरून, डोके खाली ठेवून, खांद्यांच्या मधोमध तळहाताने ५ थापा द्याव्यात व १०८ क्रमांकास कळवावे. पुढील उपचार शिक्षकांनी आरोग्यसेविकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावा.

वर्गपाठ : मुलांना भाताचा एक घास डोळे मिटून, हळूहळू चावावयास सांगावे. जीभ काय करते, गाल काय करतात, घास गोड केव्हा लागतो, हे त्यांच्याच तोंडून वदवावे. मग विचारावे : “बाळाने घास बाहेर टाकला तर काय करावे?” “थोडे थांबून पुन्हा द्यावा,” हे उत्तर ताई घरी घेऊन गेली म्हणजे पाठ साधला.