लेन्स घेण्याआधी

पंचवटी, नाशिक

चि. सोनीस,


मामाच्या कपाटातल्या जुन्या निकॉर लेन्स न्याव्यात, की साठवलेल्या पैशांतून नवी ऑटोफोकस घ्यावी, असं तू विचारलंस. आधी मला सांग, फोटो कशाचे काढणार?

पाखरांचे असतील तर नवीच घे, माझ्याकडे बघू नकोस. नांदूरमध्यमेश्वरला कितीतरी हिवाळे मी ३०० मिमीची, हातानं फोकस करायची लेन्स घेऊन गेलो. नदीसुरय पाण्यात सूर मारतो, आणि रिंग फिरवेपर्यंत मासा घेऊन निघूनही जातो. ३६ फोटोंच्या रोलमध्ये दोन-तीन धड यायचे. उडत्या पाखरामागे कॅमेऱ्याची मोटर धावते तसा हात धावत नाही, हे मी मान्य केलं आहे.

पण तुझ्या पत्रात रामकुंड आहे, भाजीबाजार आहे, माणसं आहेत. मग माझी २८ मिमी ने. १९९१च्या सिंहस्थात मी ती एफ ८वर ठेवायचो आणि अंतर सव्वातीन मीटरवर. पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. दिवसभर रिंगला हात लावावा लागला नाही. गर्दीत कॅमेरा फक्त डोळ्याला लावायचा. तुझ्या डी ५६००चा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून तू अंतर पाच मीटर ठेव. अडीच मीटरपासून पुढचं मिळेल. फिल्मसाठीचे हे आकडे लेन्सवर कोरलेले आहेत. नव्या बऱ्याच लेन्सवर ते नसतातच, आणि मला तेच खटकतं: आपण कुठून कुठवर स्पष्ट ठेवतो आहोत, हे शिकणाऱ्याला दिसायला हवं. त्या रिंगवर महिनाभर काम कर, अंतर नजरेनं ओळखू लागशील.

जुन्या लेन्सवर तुझा कॅमेरा प्रकाश मोजणार नाही. मोड एमवर ठेवायचा, एक फोटो काढून हिस्टोग्राम पाहायचा आणि शटर स्पीड बदलायचा. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मात्र फोकस जुळल्याचं सांगेल. ५० मिमी एफ १.८वर दीड मीटरवरचा चेहरा टिपताना स्पष्ट पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा असतो. तिथे ठिपक्यावरही विसंबू नकोस. लाइव्ह व्ह्यूमध्ये डोळा मोठा करून बघ.

दुकानात एका गोष्टीला फसू नकोस. 'एएफ' लिहिलेली डी मालिकेची लेन्स स्वस्तात दिसेल. तिला फोकस करणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते, तुझ्या कॅमेऱ्यात ती नाही. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असं वाचूनच पैसे दे. आणि वापरलेली कुठलीही लेन्स टॉर्च लावून आरपार बघ. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ती नसेल तरच घे, आणि घरी डब्यात सिलिका जेलसोबत ठेव.

दिवाळीला आलीस की पहाटे गोदाकाठी जाऊ. २८ मिमी मी पुसून ठेवली आहे. ५० मिमीच्या पात्यांवर तेल आलं आहे, ती दुरुस्त होईपर्यंत मागू नकोस.

तुझा,
मामा