एक नंबर, घरातली चार माणसं

हाताशी एकाहून अधिक ॲप असलेल्या प्रत्येक संस्थेत कधी ना कधी ती बैठक होते. कोणीतरी म्हणतं, "आपल्याच तीन ॲपसाठी आपण माणसाला तीनदा नोंदणी करायला लावतो. एकच लॉगिन करून टाकू." सगळे माना डोलावतात, कारण म्हणणं खरं असतं. अशा एका कामावर मी डिझायनर म्हणून होते. संस्था शेतीमालाच्या व्यवहारातली. एक ॲप शेतकऱ्यांना माल विकण्यासाठी, दुसरं खतं-औषधांच्या दुकानदारांना ऑर्डर नोंदवण्यासाठी, तिसरं गावाकडच्या मुलामुलींच्या छोट्या अभ्यासक्रमांसाठी. तिन्हींत ओळख एकच, मोबाइल नंबर. त्यामुळे जोडकाम सोपं वाटलं: नंबर जुळला की खाती जुळली. तशी ती एका रात्रीत जोडली गेली. पुढे हेल्पलाइनवर जे फोन आले, त्यांतून मला हा विषय खरा कळला.

"मॅडम, कोर्स पोरीनं केला, सर्टिफिकेटावर नाव माझं कसं आलं?" निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा हा फोन. घरात स्मार्टफोन एक, सिम वडिलांच्या नावावर. मुलीनं त्याच नंबरावर अभ्यासक्रमाला नाव घातलं होतं, वडील त्याच नंबरावर माल विकत होते. खाती वेगळी होती तोवर दोघांचंही सुरळीत चाललं होतं. जोडताना जुन्या खात्यातलं नाव ठेवायचं असा नियम लावला गेला, म्हणून वडिलांचं नाव राहिलं आणि मुलीचं पुसलं गेलं. तिला ते प्रमाणपत्र कामासाठी अर्ज करताना जोडायचं होतं.

दुसरा फोन दुकानातून. गल्ल्यावर दुकानाचा मोबाइल पडलेला असतो, त्यावरून कामाला असलेला मुलगा ऑर्डर टाकतो. मालकांनी त्याच नंबरावर स्वतःच्या शेताचा माल विकायचं खातं उघडलेलं. जोडणी झाली आणि त्या मुलाला मालकांचे कांद्याचे पैसे किती आले, कोणत्या बँकेत आले, हे सगळं दिसायला लागलं. मालक संतापले, आणि त्यांचा संताप रास्त होता.

तिसरा प्रकार सगळ्यांत गंभीर. एकानं नवं सिम घेतलं, ॲप टाकलं, ओटीपी दिला आणि ॲपनं त्याचं स्वागत केलं ते भलत्याच माणसाच्या नावानं. बंद पडलेला प्रीपेड नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. याचा अर्थ, त्यानंतर तो कोणालाही मिळू शकतो. गावाकडे रिचार्ज परवडला नाही म्हणून सिम सोडणारे, हंगामापुरतं दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन तिथलं सिम घेणारे कमी नाहीत. तीन वेगळ्या ॲपमध्ये अशा परक्याला एका खात्याचा तुकडा दिसला असता. जोडलेल्या खात्यात त्याला पूर्ण माणूस दिसतो: नाव, गाव, विक्री, बँक, घरातल्या मुलीचा अभ्यासक्रम.

म्हणून माझा पहिला आग्रह असा: लॉगिनची एकही चौकट काढण्याआधी, तुमच्या लेखी 'माणूस' म्हणजे काय हे कागदावर लिहा. नंबर म्हणजे माणूस नाही. ई-मेलही नाही. गुगलनं लॉगिन करू देताना गुगलसुद्धा ॲप बनवणाऱ्यांना हेच सांगतं, की ई-मेलवरून माणूस ओळखू नका, आम्ही प्रत्येक खात्याला जो कधी न बदलणारा क्रमांक देतो तो वापरा. तुमच्याकडेही प्रत्येक माणसाला असा आतला क्रमांक असावा. नंबर, ई-मेल, गुगल ही त्याच्यापर्यंत पोचायची साधनं. ती बदलतील, सुटतील, एकाच्या दोघांकडे असतील. आणि सामायिक खातं जितकं सडपातळ ठेवता येईल तितकं ठेवा. त्यात तो आतला क्रमांक आणि पडताळलेली साधनं एवढंच असावं. नाव, पत्ता, बँक, शिक्षण हे ज्या त्या ॲपपाशी राहू द्या. प्रमाणपत्रावरचं नाव अभ्यासक्रमाच्या ॲपचं, पावतीवरचं नाव विक्रीच्या ॲपचं. दुकान ही तर वेगळीच गोष्ट. दुकानाला माणसाचं खातं देऊ नका. दुकान एक बाजूला, त्यात काम करणारी माणसं दुसऱ्या बाजूला, आणि कोणाला काय दिसावं हे मालक ठरवणार. हे सुरुवातीला केलं तर काही आठवड्यांचं काम आहे. नंतर केलं तर सगळा डेटा उसवून पुन्हा शिवावा लागतो.

दुसरा आग्रह: खाती परस्पर जोडू नका, कधीही नाही. माणसाला विचारा. आम्ही शेवटी जी पद्धत बसवली ती सांगते. ओटीपी बरोबर आला की पडद्यावर येतं, "या नंबरावर अभ्यासक्रमाच्या ॲपचं एक खातं आहे. ते तुमचं आहे का?" नावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसतं, बाकी झाकलेलं. उत्तरं तीन: माझंच आहे, घरातल्या दुसऱ्या कोणाचं आहे, मला माहीत नाही. पहिल्या उत्तरानं खाती जोडली जातात. दुसऱ्यानं ती वेगळी राहतात, आणि पुढे लॉगिन करताना 'कोण आहात?' म्हणून दोन नावं समोर येतात. तिसऱ्या उत्तरानं जुनं खातं त्या नंबरापासून सुटतं, काहीही न दाखवता, आणि ते परत मिळवायचा मार्ग हेल्पलाइनकडून जातो. मधलं उत्तर बरेच डिझायनर विसरतात. आपल्याकडच्या घरांसाठी तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

ज्या खात्यात पैशाचा संबंध आहे आणि जे ९० दिवसांहून अधिक काळ उघडलेलं नाही, ते नुसत्या ओटीपीवर उघडू देऊ नका. मधल्या काळात नंबर दुसऱ्याकडे गेला असेल. बँक खात्याचे शेवटचे चार आकडे विचारा, शेवटचा व्यवहार कोणत्या बाजार समितीतला होता ते विचारा, जुनाच फोन आहे का ते पाहा. थोडा त्रास होतो, पण तो वर्षातून एखाद्या वेळी होतो.

ई-मेलनं नोंदणी घेत असाल तर आणखी एक खाच आहे. २०२२ मध्ये अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅव्हर्ड या संशोधकांनी ७५ लोकप्रिय सेवा तपासल्या आणि किमान ३५ ठिकाणी अशा तऱ्हेचा एखादा तरी हल्ला करता येतो हे दाखवलं: हल्लेखोर तुमच्या ई-मेलवर तुमच्याआधीच खातं उघडून ठेवतो. त्यातल्या एका प्रकारात पुढे तुम्ही गुगलच्या बटणानं येता, सेवा दोन्ही खाती एकच समजून जोडते, आणि हल्लेखोराचा पासवर्ड तसाच चालू राहतो. एकाहून जास्त ॲपची खाती जोडताना ही फट आणखी वाढते. न पडताळलेला ई-मेल जोडणीचा आधार मानू नका, आणि जोडणीच्या क्षणी जुनी सगळी लॉगिन सत्रं बंद करा.

आता पडद्याबद्दल. 'लॉगिन' आणि 'नवीन नोंदणी' अशी दोन बटणं समोर ठेवली की बरीच माणसं चुकीच्या बटणावर जातात, कारण आपण नोंदणी केली होती का हे त्यांना आठवत नाही. अनेकांची ती पुतण्यानं किंवा कृषी केंद्रावरच्या मुलानं करून दिलेली असते. एकच चौकट ठेवा, नंबर घ्या, ओटीपी पाठवा, पुढचं सिस्टिमला ठरवू द्या. मात्र ओटीपी येण्याआधी 'हा नंबर नोंदलेला नाही' किंवा 'आहे' यातलं काहीही बोलू नका. नाहीतर कोणीही नंबर टाकत बसेल आणि कोणाचं कुठे खातं आहे याची यादी तयार करेल.

विश्वासाचा प्रश्न मात्र मला अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. माणूस आज पहिल्यांदा ॲप टाकतो आणि ते त्याला नावानं ओळखतं. सोय म्हणून केलेली ही गोष्ट अनेकांना फसवणुकीसारखी वाटते. रोज कानावर सायबर फसवणुकीच्या बातम्या असताना ती तशी वाटणारच. ओळख दाखवण्याआधी ही ॲप्स एकाच घरची आहेत हे सांगायला हवं, ओटीपीच्या चौकटीच्याही आधी, तिन्हींची बोधचिन्हं शेजारी ठेवून. आयफोनवर सामायिक लॉगिन उघडताना फोन स्वतःच विचारतो की हे ॲप अमुक वेबसाइटवरून साइन-इन करू पाहतंय, चालेल का. तिथे वेबसाइटचा पत्ता जसाच्या तसा दिसतो. पत्ता जर कोणी कधी न ऐकलेला असेल तर माणूस रद्द करतो. म्हणून लॉगिनचा पत्ता संस्थेच्या ओळखीच्या नावाखालीच घ्या. पुढे पासवर्डऐवजी चालणाऱ्या पासकी आणायच्या असतील तर त्याही त्या पत्त्यालाच बांधल्या जातात, मग तो बदलणं फार महाग पडतं.

ओटीपीचा एसएमएस हाही डिझाइनचाच भाग आहे. आपल्याकडे एसएमएस पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो, त्यामुळे हा मजकूर शेवटच्या आठवड्यात सुचून चालत नाही. कोणत्या ॲपसाठी ओटीपी आहे हे त्यात असलंच पाहिजे. ८ मार्च २०२१ ला साचे जुळवून पाहण्याची सक्ती सुरू झाली आणि देशभरात बँकांपासून अनेक सेवांचे ओटीपी अडकले; दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. अख्ख्या वाड्याला एकच दिंडी असली की ती अडल्यावर सगळेच आत-बाहेर अडकतात. ओटीपीखेरीज दुसरी एक वाट, फोनमधली पासकी असो वा आधी लॉगिन असलेल्या ॲपमधून दिलेली परवानगी, पहिल्या दिवसापासून हवी.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगते, कारण ती बरीच ठरलेली आहे. ओऑथ आणि ओपनआयडी कनेक्ट ही लॉगिनची खुली मानकं वापरा, स्वतःची पद्धत शोधू नका. लॉगिनचं पान ॲपच्या पोटातल्या वेबव्ह्यूमध्ये उघडू नका, फोनच्या ब्राउझरमधून उघडा. फोनवरच्या ॲपसाठी ओऑथ कसं वापरावं हे सांगणाऱ्या, ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५२ या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलं आहे. एकदा केलेलं लॉगिन दुसऱ्या ॲपला मिळतं ते या ब्राउझरच्या सत्रामुळेच. जुने पासवर्ड असतील तर सगळ्यांना नवा करायला लावू नका, माणूस पुढच्या वेळी येईल तेव्हा गुपचूप नव्या पद्धतीनं साठवून घ्या.

पण ब्राउझरच्या या सत्राचा एक परिणाम आहे आणि तो एकाच फोनवर राबणाऱ्या घराला जाचतो. मुलगी अभ्यासक्रमाच्या ॲपमधून लॉगआउट करते. ॲपमधलं लॉगिन संपतं, ब्राउझरमधलं सत्र तसंच राहतं. मग कोणीही पुन्हा लॉगिनवर बोट ठेवलं की ओटीपी न विचारता सरळ तिच्या खात्यात. तिला वाटतं आपण कुलूप लावलं. लॉगआउटच्या वेळी 'फक्त या ॲपमधून' की 'सगळीकडून' हे साध्या शब्दांत विचारा, आणि पुढच्या वेळी थेट आत न नेता 'अमुक म्हणून पुढे जायचं की दुसरं कोणी?' एवढं तरी दाखवा. फोन हरवलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून 'सगळीकडून बाहेर' करता आलं पाहिजे. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकची लॉगिन टोकन, म्हणजे पासवर्ड न विचारता आत नेणाऱ्या डिजिटल किल्ल्या, चोरली गेली. आधी सुमारे ५ कोटी खाती सांगितली, नंतर आकडा ३ कोटींवर आला. त्या वेळी एक मोठी काळजी ही होती की फेसबुकच्या बटणानं उघडणाऱ्या इतर ॲपचं काय. एक किल्ली अनेक ठिकाणी चालते तेव्हा ती एका झटक्यात निकामी करण्याची सोय आधी बांधावी लागते.

संमतीबद्दल मी फार आग्रही आहे. एका ॲपला दिलेली परवानगी दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती ठरावीक हेतूसाठीच असते, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला असावा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. अभ्यासक्रमाच्या ॲपमध्ये अकरावी-बारावीची मुलं असतात, म्हणजे तिथलं खातं शेतमालाच्या खात्याला चिकटवताना हा प्रश्न हमखास येतो. मराठीतली सूचना मराठीत विचार करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. भाषांतर करून आलेला परिच्छेद कोणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या मजकुरावर घेतलेली संमती ही मला संमती वाटत नाही.

खातं पुसण्याचंही तसंच. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते पुसताही आलं पाहिजे, अशी ॲपलची ३० जून २०२२ पासूनची अट आहे. पण तीन ॲपचं खातं एक असेल तर अभ्यासक्रमाच्या ॲपमध्ये 'पुसा' म्हटल्यावर नेमकं काय पुसायचं? वडिलांच्या विक्रीच्या नोंदी त्यात जाता कामा नयेत. 'या ॲपमधली माझी माहिती' आणि 'माझं संपूर्ण खातं' असे दोन वेगळे मार्ग ठेवा, आणि कायद्यानं ठेवाव्या लागणाऱ्या पैशाच्या नोंदी कोणत्या, हे पुसण्याआधीच सांगा.

हेल्पलाइनच्या मुलींकडे सुरुवातीला जोडलेली खाती वेगळी करण्याचं काहीच साधन नव्हतं. प्रत्येक तक्रार इंजिनिअरकडे जायची आणि तिथे रांगेत पडायची. तोवर चुकीच्या नावाचं प्रमाणपत्र आणि उघडं पडलेलं बँक खातं तसंच. जोडणी सुरू करण्याआधी वेगळं करण्याचं साधन तयार हवं, तेही हेल्पलाइनच्या हातात. त्यासाठी प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी लागते: कोणती दोन खाती, कधी, कोणत्या उत्तरावरून, आणि त्या आधी प्रत्येकात काय होतं. किमान एक पूर्ण हंगाम तरी ही नोंद पुसू नका, कारण कांदा विकून झाल्यावर पुढच्या कांद्यापर्यंत अनेक शेतकरी ते ॲप उघडतच नाहीत.