डेन्मार्कात पूर्वज शोधताना

माझं सासर डेन्मार्कचं, जटलंडमधल्या शेतकऱ्यांचं. माहेरी कुलवृत्तान्त जपणारी माणसं, त्यामुळे सासूबाईंच्या घराण्याची वंशावळ लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या घरबसल्या, फुकट पाहता येतात. त्या चाळता चाळता जे कळलं ते असं.

१. आडनाव सगळ्यात शेवटी बघा. नील्सचा मुलगा येन्स, म्हणून तो येन्स नील्सन. त्याच्या मुलाचं नाव नील्स, तर तो नील्स येन्सन. थोरल्याला आजोबांचं नाव ठेवायची रीत, म्हणजे हीच दोन नावं पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून. मुलगी येन्सडॅटर, आणि लग्न झालं तरी येन्सडॅटरच. एकाच परगण्यात एकाच वेळी दोन-तीन येन्स नील्सन सहज भेटतात. आपला कोणता हे ठरवायचं तर शेतवाडीचं नाव बघायचं आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत शेवटी लिहिलेले धर्म-आईबाप वाचायचे. ते गॉथिक वळणाचं अक्षर सुरुवातीला मोडीइतकंच डोकं खातं, पण मावशी, काका, शेजारच्या वाडीचा मालक, सगळे त्या दोन ओळींत हजर असतात. एखादं पान ओलीनं गेलेलं निघालं तर दुसरी प्रत शोधा. १८१४ पासून प्रत्येक वही दोन प्रतींत लिहिली जाई, आणि दोन्ही प्रती रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियमच होता.

२. १८२८ हे साल डोक्यात ठेवा. मुलाला कायमचं आडनाव द्या, असा हुकूम त्या वर्षी निघाला. खेड्यापाड्यांत कुणी फारसं जुमानलं नाही. १८५६ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. मग बापाचं जे काही होतं तेच गोठलं आणि मुलीसुद्धा 'सेन' झाल्या. आज नील्सन आणि येन्सन प्रत्येकी दोन लाखांहून जास्त आहेत, तेही साठ लाखांच्या देशात. १९९३ ते २०११ या काळात ओळीनं तीन पंतप्रधान रासमुसेन होते आणि एकमेकांचे कुणीच नव्हते. लोक त्यांना मधल्या नावानं ओळखतात: न्यूरुप, फॉग, लोके.

३. सरदारांच्या घरी गणित उलटं. तिथं ढाल आधी, नाव नंतर. राजा पहिला फ्रेडरिक यानं १५२६ मध्ये सरदारांना कायमची आडनावं घ्यायला लावली, तेव्हा पुष्कळांनी आपल्या ढालीवर काय आहे ते पाहिलं. सोनेरी तारा असलेले झाले गुल्डनस्टियर्न. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या एका छापील चित्रात भोवतीच्या कमानीवर पूर्वजांच्या ढाली आहेत. त्यांत गुल्डनस्टियर्न आहेत आणि रोझेनक्रान्ट्झही. होय, आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणलेल्या 'हॅम्लेट'मधली तीच जोडगोळी. शेक्सपिअरनं निदान ही नावं तरी मनानं रचलेली नव्हती.

४. ढाली बघायच्या तर हिलेरॉडला, फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्याच्या चर्चमध्ये जा. 'हत्ती' हा देशातला सर्वोच्च किताब मिळालेल्यांच्या ढाली तिथं भिंतीवर लागतात. किताबाचं पदक म्हणजे पांढऱ्या मिन्याचा इवलासा हत्ती, पाठीवर अंबारीच्या जागी बुरूज आणि मानेवर चक्क माहूत! राजेरजवाड्यांच्या सिंहांत मला आवडली ती नील्स बोरची ढाल. १९४७ मध्ये हा किताब मिळाला तेव्हा या पदार्थवैज्ञानिकानं ढालीवर चिनी यिन-यांगचं चिन्ह घातलं आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं की विरुद्ध गोष्टी परस्परपूरक असतात.

५. 'तुमच्या आडनावाची ढाल' विकणाऱ्यांपासून लांब राहा. दोन लाख येन्सनांची मिळून एक ढाल कुठून येणार? शेतकऱ्यांकडे होतं ते घरचिन्ह: चार-दोन सरळ रेघा, अवजारावर कोरायच्या आणि सही येत नसेल तर कागदावर काढायच्या. वंशावळीत मी अशाच एका चिन्हाला मानाची जागा दिली आहे. ढालच हवी असेल तर नवी करा. डेन्मार्कात कुणीही करू शकतो. सोन्यावर चांदी चढवायची नाही, रंगावर रंग नाही, आणि लांबून ओळखू आली पाहिजे. आमच्या घरी सध्या याचीच चर्चा आहे. सासऱ्यांना नांगर हवा, नवऱ्याला होडी, आणि सासूबाईंचं म्हणणं, आधी भिंतीवर जागा कुठे आहे ते दाखवा.