ट्रॅक्टरचा टायर : निवड आणि झीज

गळीत हंगाम संपून ट्रॅक्टर छपराखाली लागला, की मगच आपले लक्ष टायरकडे जाते. मागच्या टायरची जोडी म्हणजे उसाच्या बिलातला मोठा लचका. म्हणून घेण्यापूर्वी बाजूवरचे आकडे वाचावेत. १३.६-२८ म्हणजे रुंदी सुमारे १३.६ इंच आणि रिम २८ इंची. ‘पीआर’चा आकडा ताकदीचा, आत तितके थर असतातच असे नाही. चार आकडी शिक्का म्हणजे टायरची जन्मतारीख. ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दुकानदार ‘ताजा माल’ म्हणेल, आपण शिक्का बघावा.

बर्फाच्या मुलखात हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर घालतात. तेच उन्हाळ्यात ठेवले तर तापल्या डांबरावर भराभर झिजतात. आपले दुखणे त्याच जातीचे. शेतासाठी केलेली उंच नक्षी आपण हंगामभर सडकेवर घासतो, वर हवाही शेतातलीच ठेवतो. सडकेला निघताना कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे हवा वाढवावी. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त. पुढच्या चाकाची एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट तपासून घ्यावी.

शेतातली झीज मात्र चाक घसरल्याने होते. ती मोजायला खडू पुरतो. मागच्या चाकावर खूण करावी, नांगर उचलून चाकाचे दहा फेरे चालवावे आणि अंतर मोजावे. मग त्याच रानात नांगर लावून पुन्हा दहा फेरे. आधी ४० मीटर आणि नंतर ३५ भरले, तर घसरण साडेबारा टक्के, म्हणजे ठीक. ३० च भरले, तर पाव डिझेल आणि रबर मातीत गेले! अशा वेळी नांगराची खोली कमी करावी, किंवा व्हॉल्व्ह वर आणून त्या पातळीपर्यंत टायरमध्ये पाणी भरावे. एवढ्याने पाऊण टायर भरतो.

आता माझीच चूक सांगतो. भर दुपारी, ट्रेलर ओढून आल्यावर मी हवा तपासली. काटा जास्त दाखवतो म्हणून थोडी सोडली. तापलेल्या टायरात हवा फुगलेली असते, हे ध्यानात आले नाही. रात्री भरल्या ट्रेलरचा टायर वळणावर फुटला आणि निम्मा ऊस रस्त्यावर आला. टोळीतली माणसे मागच्या गाडीत होती म्हणून निभावले. आता हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर गार असतानाच मोजतो.