टाकी उघडण्याआधी

चि. चिनूस,


तुझा मेसेज आणि एस्टिमेटचा फोटो दोन्ही नीट पाहिले. गाडी सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात फ्युएल पंप गेला, वॉरंटी संपली, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. आणि तू विचारतेस, मामा, हे मी घरी करू का? माझं उत्तर हो असं आहे. तुझ्या गाडीत मागच्या सीटखाली पंपाचं झाकण आहे, टाकी खाली उतरवावी लागत नाही, आणि तुझा हात हत्याराला बसलेला आहे. पण टाकी उघडण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घे. पंप खरोखर मेला आहे का, ही एक. आणि त्याचे पैसे खरोखर तूच द्यायचे आहेत का, ही दुसरी. दोन्हींचं उत्तर कुणाच्या तोंडच्या शब्दावर घेऊ नकोस. एक मीटरवर बघ, दुसरं कागदावर.

कागदाचं काम आधी उरक, कारण त्याला पैसे पडत नाहीत. वॉरंटीत वर्षं आणि किलोमीटर दोन्ही दिलेले असतात, आणि जे आधी भरेल तिथे ती संपते. गाडी 2021 ची आहे, तेव्हा मूळ वॉरंटीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पण गाडी घेताना बाबांनी वाढीव वॉरंटी घेतली होती का, ते मूळ बिलावर बघ. इन्शुरन्स, ॲक्सेसरीज, फास्टॅग अशा ओळींच्या गर्दीत तीही एक ओळ असते आणि घरात कुणाला आठवत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिकॉल. कंपनीने स्वतः दोष मान्य करून गाड्या परत बोलावल्या असतील, तर वॉरंटी संपलेली असली तरी काम फुकट होतं. आणि फ्युएल पंप हा या बाबतीत अगदी गाजलेला भाग आहे. जुलै 2020 मध्ये मारुतीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या पंपासाठी परत बोलावल्या. होंडाने भारतात 2020 मध्ये 65,651, 2021 मध्ये 77,954 आणि 2024 मध्ये 90,468 गाड्यांचे पंप बदलून द्यायचं जाहीर केलं. 2024 च्या त्या यादीतल्या बहुतेक गाड्यांची मूळ वॉरंटी केव्हाच संपलेली होती. त्यात आधी पंप बदलून घेतलेल्या दोन हजारांवर गाड्याही होत्या, कारण बदली म्हणून बसवलेला पार्टही त्याच दोषाचा असू शकत होता. होंडाच्या पंपांतला दोष इम्पेलरचा होता. इम्पेलर म्हणजे पंपाच्या आत पेट्रोल ढकलणारी छोटी प्लास्टिकची चकती. टोयोटाने परदेशात लाखो गाड्या परत बोलावल्या, तिथेही हीच चकती होती. प्लास्टिक हवं तितकं घट्ट नसलं की ते पेट्रोल पिऊन फुगतं, चकती आतल्या भिंतीला घासते आणि पंप अडकतो. तुझी गाडी या याद्यांत नाही हे मला माहीत आहे. तरी कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून बघच.

तिथेही काही निघालं नाही, तर सर्व्हिसची सगळी बिलं जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला एक सभ्य ई-मेल लिही. सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या असतील तर वॉरंटीनंतरही पार्टच्या किमतीतला काही वाटा कंपन्या उचलतात. तोंडी मागणाऱ्याला हे बहुधा मिळत नाही. आठ दिवस वाट बघ. तोवर गाडी उभी राहिली तरी बिघडत नाही.

आता पंपाकडे येऊ. ही छोटी विजेची मोटर टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडलेली असते. पेट्रोलमध्ये वीज, हे ऐकून तुझी आई घाबरेल. तिला सांग की टाकीत पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की जळायला लागणारी हवा तिथे पुरेशी नसते, म्हणून काही होत नाही. पेट्रोलच त्या मोटरला थंड ठेवतं आणि तेच तिचं वंगण. म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचे पंप लवकर जातात. तुझी ही सवय मला ठाऊक आहे. नवा पंप बसला की पाव टाकीच्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही.

तुझ्यासारख्या साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत हा पंप साधारण तीन ते चार बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो. डिझेलच्या किंवा डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनवर बसलेला जास्त दाबाचा पंप वेगळा असतो. त्याचा दाब शेकड्यांत जातो आणि त्याला घरी हात लावायचा नाही. एखाद्या मैत्रिणीने पुढे विचारलं तर हा फरक आधी सांग.

पंप मेला की नाही, हे असं बघ. चावी नुसती ऑन कर, सेल्फ मारू नकोस. गाडी शांत जागी असेल तर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही, की सगळे पंप गेला म्हणून मोकळे होतात. थांब. आधी फ्यूज बघ. मग रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो. फ्युएल पंपाचा रिले काढून त्याच नंबरचा दुसरा, बहुधा हॉर्नचा, तिथे लाव. आयटीआयमध्ये शिकवताना मुलांना मी हे आधी करायला लावायचो, कारण पंपाचा म्हणून आलेला दोष पुष्कळदा रिलेत, कपलरच्या काळवंडलेल्या पिनेत किंवा सैल अर्थिंगमध्ये निघतो. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने गाडी अडवलेली असते, आणि मग पंपाचा काही संबंधच नाही.

रिले बदलून फरक पडला नाही तर सीट उचल, झाकण काढ आणि आधी वास घे. पेट्रोलचा भपका आला तर पुढे काही करू नकोस, मिस्त्री बोलाव. वास नसेल तर कपलर सोडव. त्यात गेजच्या बारीक वायरीही असतात. तुला हव्यात त्या दोन जाड वायरी, एक करंटची आणि एक अर्थची. इथे चांगले चांगले फसतात ते लक्षात घे. सुट्या कपलरवर मीटर लावला की तो 12 व्होल्ट दाखवतो आणि आपण समजतो वायर चांगली आहे. वायर आतून कुजलेली असली तरी मीटर 12 च दाखवेल, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून त्या दोन टोकांना इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब जोड, कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि त्याच वेळी मीटर बघ. नुसत्या चावीवर दोन सेकंदांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, करंट बंद करतो, म्हणून सेल्फ मारतानाचाच आकडा धरायचा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज उतरतोच, तो 10 च्या आसपास आला तरी चालेल. बॅटरीच्या टोकांवर तेव्हा जो आकडा असेल, त्याहून कपलरवर अर्ध्या-एक व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर दोष वायरीत, रिलेत किंवा अर्थिंगमध्ये आहे. बल्ब लख्ख पेटला, आकडा बरोबर आला आणि कपलर परत जोडल्यावर पंप गप्पच राहिला, तर पंप गेला. मग शंका नाही.

पंपाचा आवाज येतो आणि गाडी तरीही उठत नाही, असं झालं तर पंप बदलण्याआधी प्रेशर गेज लावून दाब बघावा लागेल. क्रँक सेन्सर गेला तरी गाडी अशीच वागते: चावीवर पंप गुणगुणतो, पण सेल्फ मारताना ईसीयूला इंजिन फिरतंय हे कळत नाही आणि तो पंप बंद ठेवतो.

पार्टबद्दल माझं मत ठाम आहे. बाजारात नुसती मोटर मिळते आणि ती पूर्ण मॉड्यूलपेक्षा खूप स्वस्त असते. पण मॉड्यूलमध्ये मोटर, गाळणी, प्रेशर रेग्युलेटर, बऱ्याच गाड्यांत फिल्टर आणि गेजचा फ्लोट असं सगळं एकत्र असतं. जुन्या प्लास्टिकमधून मोटर सोडवताना कुठे ना कुठे खटका तुटतो. मजुरी वाचवायची तर खुशाल वाचव, पार्टमध्ये वाचवू नकोस. चेसिस नंबर दाखवून अधिकृत काउंटरवरून पूर्ण मॉड्यूल घे, सोबत नवी ओ-रिंग घे आणि पक्कं बिल घे. अजून एक विचार: आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ई-20 साठी लागणारे रबर आणि प्लास्टिकचे भाग एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांत सरसकट आले, तुझी त्याआधीची आहे. तुझा पंप इथेनॉलनेच गेला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण त्या पार्टचा सुधारलेला नंबर निघाला आहे का हे काउंटरवर विचार, आणि निघाला असेल तर तोच घे.

प्रत्यक्ष काम तासा-दोन तासांचं आहे. त्यातला अवघड भाग पाने-पक्कडींचा नाही, वाफेचा आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकते, खड्ड्यात आणि मोरीत साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एका ठिणगीने पेटते. म्हणून तुमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये हे काम होणार नाही, कितीही सोयीचं असलं तरी नाही. गाडी ढकलून उघड्यावर आण. दिवसा, भरपूर उजेडात, चारही दारं उघडी ठेवून कर. अंगात सुती कपडे असू देत. मोबाईल गाडीपासून लांब ठेव. एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेव, पाण्याची बादली उपयोगाची नाही. सोबत एक जाणतं माणूस हवंच. आणि टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल असेल तर ते हातपंपाने झाकणाच्या डब्यात काढ. तोंडाने नळी ओढायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोड. झाकणाभोवती माती बसलेली असते. ती आधी ब्रशने आणि ओल्या फडक्याने पुसून काढ, नाहीतर सगळी टाकीत जाईल. पंप बंद असला तरी पाइपात दाब राहिलेला असतो, म्हणून जोडावर फडकं गुंडाळून, चष्मा लावून मगच तो सोडव. तो जोड प्लास्टिकचा असतो: आधी थोडा आत ढकल, मग दोन्ही कान दाब आणि ओढ. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलास तर पाइपच बदलावा लागेल. मॉड्यूल कोणत्या दिशेला बसलं आहे त्याची पेनने खूण कर. लॉक रिंग आवळून बसलेली असते. तिच्यासाठी मिळणारा पाना आण. तो नसेल तर लाकडी ठोकळ्याने हळूहळू ठोकत फिरव. लोखंडावर लोखंड मारायचं नाही, ठिणगी तिथेच उडते. मॉड्यूल सरळ वर न ओढता तिरकं काढ, म्हणजे फ्लोटची काडी वाकणार नाही.

बाहेर काढल्यावर घाई करू नकोस. गाळणी पांढऱ्या कापडावर ठेवून बघ. काळी भुकटी असेल तर मोटरचे ब्रश झिजलेले असू शकतात. मातकट गाळ असेल तर पेट्रोलमधून घाण आली. टाकीच्या तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसल्याशिवाय नवा पंप आत जाऊ देऊ नकोस, नाहीतर तोही जाईल. पुसायला धागे सुटणारं कापड नको.

नवी ओ-रिंग पेट्रोलच्या दोन थेंबांनी ओली कर. ग्रीस नको आणि सिलिकॉन तर मुळीच नको. पेट्रोलने ते सुटतं आणि तुकडे गाळणीत जाऊन बसतात. खुणेवर खूण आणून रिंग आवळ, जोड कट् आवाज येईपर्यंत दाब आणि ओढून बघ. मग बॅटरी जोड. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करायला सांग, म्हणजे पाइपात पेट्रोल भरेल, आणि त्या वेळी तुझी नजर जोडावर असू दे. कोरडा राहिला तरच सेल्फ. झाकण आणि सीट त्या दिवशी लावूच नकोस. नंतर टाकी पूर्ण भर, कारण वरच्या रिंगची गळती अर्ध्या टाकीवर कळत नाही. भरलेल्या टाकीने वळणं घेऊनही गाडीत वास आला नाही, म्हणजे काम झालं. भिजलेली फडकी उघड्यावर वाळव, काढलेलं पेट्रोल मोरीत ओतू नकोस.

आठवडाभरात मी पुण्याला येणार आहे. तोवर कागद बघून ठेव आणि बल्ब लावून मीटरवर किती व्होल्ट येतात ते मला फोन करून सांग. तो आकडा कळेपर्यंत पार्टची ऑर्डर देऊ नकोस.

ताईला, बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
मामा