गाठीचा कागद आधी वाच

पोरी, स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न उठतो, ऑपरेशन कधी? दीर म्हणेल उद्याच, सासूबाई म्हणतील आधी देवाला कौल लावू. दोघांनाही चहा दे आणि थोडे दिवस मागून घे. तपासण्या पुऱ्या करून उपचार ठरवायला दोन-तीन आठवडे गेले तर बहुतेकींचं काही बिघडत नाही. काढे पीत वर्ष घालवलं की बिघडतं.

सुई टोचली की रोग पसरतो, असं कुणीतरी सांगणारच. ऐकू नकोस. ट्रूकट बायोप्सीशिवाय गाठ कसली आहे ते कळत नाही, आणि ती न करता थेट स्तन काढायला निघालेला सर्जन भेटला तर चप्पल घालून बाहेर ये.

रिपोर्टात तीन नावं शोध: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोघांपैकी एक जरी पॉझिटिव्ह असलं तरी पाच ते दहा वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या गोळ्यांचा आधार मोठा असतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं, साधारण वर्षभर. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्य भिस्त केमोवर. म्हणून तर ‘माझ्या नणंदेला केमो लागलीच नाही’ म्हणणाऱ्या बाईशी वाद घालू नये. तिच्या नणंदेची गाठ वेगळी होती. ग्रेड आणि स्टेज यांचीही गल्लत करू नकोस. पेशी किती बिघडल्यात ते ग्रेड सांगते, रोग कुठवर पोचलाय ते स्टेज. ग्रेड तीन वाचून आमच्या ओळखीतली एक जण तिसरी स्टेज समजून रात्रभर रडली होती.

मग डॉक्टरांना सरळ विचार: हा उपचार रोग बरा करण्यासाठी आहे की ताब्यात ठेवण्यासाठी? घरचे तुला बाहेर बसवून हे विचारतील. तू खुर्ची सोडू नकोस. रोग हाडांत किंवा फुप्फुसात गेला असला तरी उपचार असतात, पण कुठला त्रास किती सोसायचा ते या उत्तरावर ठरतं.

दुसरं विचार, स्तन वाचेल का? लवकर सापडलेल्या रोगात नुसती गाठ काढून रेडिएशन दिलं काय आणि अख्खा स्तन काढला काय, आयुष्य सारखंच मिळतं. अमेरिकेत आणि इटलीत बायकांवर 20 वर्षं लक्ष ठेवून हे पाहिलंय. निष्कर्ष 2002 साली छापून आले. गाठ मोठी असेल तर आधी केमोने ती लहान होते का, तेही विचार. अजून मूल हवं असेल तर केमोच्या आधी बोल, नंतर नाही.

दुसरं मत घ्यायला लाजू नये. चांगला डॉक्टर रागावत नाही. नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घे, म्हणजे दुसरीकडचे पॅथॉलॉजिस्ट तीच गाठ पुन्हा तपासतात. परळच्या टाटा रुग्णालयात, 1941 पासूनचं ते, गर्दी अफाट असते. उपचाराचा आराखडा तिथे ठरवून केमो घराजवळ घेता येईल का ते विचार. बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं.

केमोत केस जातात, ते परत येतात. भ्यायचं असेल तर तापाला भी. डोस झाल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. थर्मामीटर उशाशी ठेव; 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. कुणी दिलेलं चूर्ण घ्यायचंच असेल तर आधी केमोच्या डॉक्टरांना पुडी दाखव. अंडी, डाळ, दही खा. साखर सोडली की गाठ उपाशी मरते म्हणणाऱ्यांना नमस्कार कर.

पैशांचं आधी बोलावं. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधीच रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेट, एकदा रोख भरलं की परत मिळवताना जीव जातो. ट्रस्टच्या रुग्णालयांत गरिबांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. मुंबईत राहायचं झालं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा विचार. आणि डॉक्टरांकडून रेल्वेच्या फॉर्मवर सही घे. स्लीपरमध्ये पेशंटचं भाडं माफ, सोबत्याला 75 टक्के सूट.