उपकारस्तुतीचा दिवस कसा सुरू झाला?

शास्त्रपाठ : अनुवाद २६:१–११, लूक १७:११–१९

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी साऱ्या देशाला सुट्टी असते. हा कोणा वीराचा जन्मदिवस नव्हे, की लढाईतील विजयाचा दिवस नव्हे. उपकार मानण्यासाठीच तो नेमलेला आहे. तेथे त्यास ‘थँक्सगिव्हिंग डे’ म्हणतात. आपण उपकारस्तुतीचा दिवस म्हणू. १८१३ साली मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना पाठविणारी संस्था ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्थापन झाली, त्याच प्रांतातील ही हकीकत आहे.

१. उपऱ्यांना कोणी जगविले?

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ उतारू इंग्लंडहून निघाले. त्यांतील पुष्कळांना आपल्या विवेकाप्रमाणे देवाची उपासना करण्याची मोकळीक हवी होती. ऐन हिवाळ्यात ते प्लिमथ येथे उतरले. थंडी, अपुरे अन्न आणि रोग यांमुळे वसंत ऋतू येईपर्यंत जवळजवळ निम्मे लोक मरण पावले.

तो मुलूख वाम्पानोआग लोकांचा होता. त्यांच्यापैकी टिस्क्वांटम नावाच्या मनुष्यास १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने फसवून पकडले व स्पेन देशात विकण्यास नेले. तेथून तो इंग्लंडास पोहोचला आणि १६१९ साली मायदेशी परतला. पाहतो तो रोगाच्या साथीने त्याचे सारे गाव ओसाड पडलेले! त्याच ओसाड जागेवर पुढच्या वर्षी हे इंग्रज येऊन वसले. ज्यांच्या देशबांधवाने त्याला पळविले, त्यांनाच त्याने मका कसा पेरावा व खत म्हणून मासे कसे घालावे हे शिकविले. वाम्पानोआगांचा प्रमुख मासासोइट याने त्यांच्याशी सलोख्याचा करार केला.

१६२१ साली कापणी झाल्यावर तीन दिवस मेजवानी झाली. एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याने त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात तिचे थोडक्यात वर्णन आहे. मासासोइट सुमारे ९० माणसांसह आला आणि त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली. वसाहतीत तर जेमतेम ५० माणसे उरली होती.

विन्स्लो या मेजवानीस ‘उपकारस्तुतीचा दिवस’ म्हणत नाही, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. त्या लोकांच्या मते असा दिवस म्हणजे उपासनेचा व प्रार्थनेचा दिवस. तसा दिवस त्यांनी १६२३ साली पाळला. अवर्षणाने पिके करपत असता पाऊस पडला म्हणून.

२. शोकाच्या वर्षी नेमलेला सण

१७८९ साली अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर हा दिवस साऱ्या राष्ट्रासाठी नेमला; परंतु तो दर वर्षीचा प्रघात झाला नाही. सारा हेल नावाच्या मासिकाच्या संपादिकेने त्यासाठी वर्षानुवर्षे लेख व पत्रे लिहिली. अखेर ३ ऑक्टोबर १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. तेव्हा देशात यादवी युद्ध पेटलेले होते. म्हणून त्या जाहीरनाम्यात आभाराबरोबर राष्ट्राच्या पापांविषयी पश्चात्ताप करावा, विधवा व अनाथ यांची आठवण ठेवावी, असेही सांगितले आहे. चौथा गुरुवार कायद्याने ठरला तो १९४१ साली.

३. विसरलेले पाहुणे

ही गोष्ट मुलांना सांगताना आपण मेजवानीपाशी थांबतो. परंतु पुढे काय झाले? वसाहती वाढल्या, जमिनीवरून तंटे झाले आणि १६७५ साली युद्ध पेटले. मासासोइटचा पुत्र मेटाकोम १६७६ साली मारला गेला. त्याचे शिर प्लिमथ येथे खांबावर लावून ठेवण्यात आले. बापाने ज्यांच्या पंक्तीला बसून भोजन केले, त्यांच्याच गावात मुलाची ही गत! १९७० सालापासून त्याच प्लिमथमध्ये, त्याच गुरुवारी, तेथील मूळचे लोक शोकदिन पाळतात.

अनुवादाच्या २६व्या अध्यायात इस्राएल मनुष्य प्रथमफळाची टोपली घेऊन देवापुढे येतो. तो आपल्या शेताची बढाई सांगत नाही. आपले पूर्वज परदेशात उपरे व दास होते, हे तो प्रथम कबूल करतो. आणि शेवटी आनंदाच्या त्या भोजनात उपऱ्यालाही वाटा आहे. प्लिमथचे लोक प्रथम उपरे होते. धनी झाल्यावर ते विसरले. दहा कुष्ठरोग्यांपैकी उपकार मानण्यास परत आला तोही शोमरोनी, म्हणजे परकाच होता.

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत कापणीच्या सणाला धान्य, फळे व भाजीपाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. ते शेत नांगरणारा, खुरपणारी, पोती वाहणारा हमाल या कोणाचे नाव तेव्हा आपल्या तोंडी येते काय? देवाचे उपकार मानून ज्या हातांनी त्याने ते पोहोचविले त्या हातांना विसरणे, ही अर्धीच उपकारस्तुती होय.

वर्गात चर्चेसाठी :

१. टिस्क्वांटमच्या जागी आपण असतो तर काय केले असते?

२. युद्धाच्या वर्षी उपकारस्तुती करणे योग्य होते काय?

३. आपल्याला आधार दिलेल्या, पण आपण आभार न मानलेल्या एका माणसाचे नाव आठवा. या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन या.